उस्ताज साबरींची सीएमए

इजिप्तमधल्या तंता शहरात माणसाला पदवीच्या आधी हाक मिळते. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याची बातमी आली, की त्याच संध्याकाळी पाववाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्या पोराला 'बाशमुहंदिस' म्हणजे इंजिनिअरसाहेब म्हणू लागतात. वैद्यकीय कॉलेजात गेलेली मुलगी पहिल्याच वर्षी नापास झाली, तरी गल्लीची डॉक्टर ती डॉक्टरच. कॉमर्सवाल्यांना तेवढं कुणी काही म्हणत नाही, कारण ते घरटी एक असतातच. म्हणून तिळाच्या हलव्याच्या कारखान्यात हिशेबखात्यात बसणाऱ्या इनासला उस्ताज साबरींनी एके दिवशी सगळ्यांदेखत 'सीएमए' अशी हाक मारली, तेव्हा खात्यातल्या बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहून घेतलं.

तोवर तिने सीएमए या खर्च-हिशेबाच्या परीक्षेच्या दोन भागांपैकी पहिला भाग पास केला होता, एवढंच. साबरी खात्याचे मुख्य, म्हणून सगळे त्यांना आदराने उस्ताज म्हणत. स्वभावाने कडक, पण ज्याच्यावर जीव जडला त्याच्यावर जडला. इनास नोकरीला नवी लागली तेव्हा त्यांनीच तिला सकाळी टेबलावर बसण्याआधी भट्टीपाशी नेऊन उभं केलं होतं. तीळ भाजताना किती जळतात, किती सांडतात, ओले तीळ आले की भट्टीला किती जास्त वेळ लागतो, हे डोळ्यांनी बघ आणि मग कागदावर लिही, असा त्यांचा खाक्या. परीक्षेचं खूळही त्यांनीच तिच्या डोक्यात भरलं. दुसरा भाग द्यायचा त्याच आठवड्यात तिच्या आईला अर्धांगवायू झाला. मग आईचं आजारपण, मग तिचं स्वतःचं बाळंतपण, आणि जाडजूड पुस्तकं कपाटावर चढली ती चढलीच. साबरी निवृत्त झाले. हाक मात्र निवृत्त झाली नाही. चहाच्या दुकानासमोरून इनास गेली, की आतून आवाज यायचाच, "काय सीएमए, घाईत का?" तिला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

तिचा नवरा मिदहत मस्कतला शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. तीन मास्तरांबरोबर एका खोलीत राहायचा आणि उन्हाळ्यात महिनाभर घरी यायचा. त्यांची लेक लुजैन बापाशी फोनवर खंडीभर गप्पा मारायची. पण तो खरोखर दारात उभा राहिला, की आईच्या मागे लपायची. तिची भीड चेपेपर्यंत त्याची बॅग भरायची वेळ व्हायची. मागच्या खेपेला तो निघाला तेव्हा लुजैनने त्याला विचारलं होतं, की तुम्ही परत फोनमध्ये जाणार का. मिदहत हसला आणि जिना उतरताना रडला. इनासने ते वरून पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तिघांनी एका घरात राहायचं. मिदहतच्या नोकरीत कुटुंबाला परवानगी नव्हती. म्हणजे परवानगी मिळवून देणारी नोकरी आता तिलाच शोधायला हवी होती.

अशात मस्कतच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची जाहिरात आली. खर्च-हिशेबाच्या विभागाला प्रमुख हवा, घर आणि कुटुंबाचा व्हिसा कंपनी देणार. आणि खाली बारीक अक्षरात, सीएमए असल्यास प्राधान्य.

त्या एका ओळीवरून घरात रोज वादाला तोंड फुटायचं. मोठे दीर रऊफ कुवेतमध्ये बरीच वर्षं काढून आलेले. त्यांचं म्हणणं, नावापुढे ती तीन अक्षरं नसतील तर आखातात माणसाला कारकून म्हणूनही कुणी उभं करत नाही. मैत्रीण नश्वाचं म्हणणं बरोबर उलटं. तिचा भाऊ साध्या बी.कॉम.वर दोहाला जाऊन बसला होता आणि तिथे त्याच्या हाताखाली दोन सीए होते, असं ती शपथेवर सांगायची. फोनवर मिदहत म्हणायचा, अर्ज करायला काय जातंय. शेवटी इनासने अर्ज केला आणि त्यात खरं तेच लिहिलं, पहिला भाग उत्तीर्ण. रऊफ भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. आधी हो म्हणायचं असतं, मागाहून निस्तरायचं असतं, असं ते स्वतःच्या बायकोला मोठ्याने सांगत बसले, म्हणजे इनासला ऐकू जावं.

आणि काय आश्चर्य, बोलावणं आलं. मुलाखत कैरोत, दुक्की भागातल्या एका हॉटेलात.

इनास आनंदाने हवेतच होती. नवऱ्याला कळवलं, लेकीला मात्र अजून काही सांगितलं नाही. मुलाखतीच्या दिवशी पहाटे निघाली, हॉटेलच्या कोपऱ्यावर फूल-ताअमियाचा म्हणजे कडधान्याची उसळ आणि वडे भरलेला पाव उभ्याउभ्या खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि आत गेली. समोर कंपनीच्या अर्थविभागाच्या प्रमुख शम्सा बाई बसल्या होत्या, मस्कतहून आलेल्या. शेजारी बहगत नावाचा कैरोचा मध्यस्थ, जो ही माणसं निवडून देत होता.

सुरुवात झकास झाली. शम्सा बाईंनी कच्च्या मालाच्या नासाडीबद्दल विचारलं आणि इनास भट्टीपाशी जाऊन उभी राहिल्यासारखी बोलू लागली. बाई मधूनमधून हसत होत्या, लिहून घेत होत्या. मग पेनाचं टोपण लावून म्हणाल्या, "अर्ज ढिगाने आले. आम्ही फक्त सीएमए झालेल्यांनाच बोलावलं. त्यातही कारखान्यात पाय ठेवलेल्या तुम्ही एकट्याच."

इनासने बहगतकडे पाहिलं. त्याने मोठ्या समाधानाने मान डोलावली. तिच्या अर्जात पहिलाच भाग लिहिला होता खरा, पण तो अर्ज जुना असणार असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कारण त्याने शिफारस विचारायला तंताला फोन केला, तेव्हा खुद्द उस्ताज साबरींनी सांगितलं होतं, की आमची इनास सीएमए आहे.

आता सगळा उलगडा झाला, आणि झाला तो नको त्या वेळी. खरं बोलावं तर नोकरी गेली, आणि ज्याच्यामुळे ती इथवर पोचली तो म्हातारा खोटारडा ठरला. गप्प बसावं तर आज निभावेल. तिला रऊफ भाऊजींचं वाक्य आठवलं, आणि जिना उतरणारा मिदहतही आठवला. प्रमाणपत्र मागाहून पाठवते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन महिने मिळाले असते, तोवर काहीतरी झालं असतं. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"मी पहिलाच भाग पास आहे," ती म्हणाली. "अर्जात तसंच लिहिलंय. दुसरा दिलेला नाही."

बहगतचा चेहरा उतरला. तो घाईघाईने सांगू लागला, की साबरींसारखा माणूस असं बोलेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. शम्सा बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"तुमचे साहेब खोटं बोलले?"

"नाही," इनास म्हणाली. "त्यांना तसं म्हणायची सवय आहे. माझ्यावरच्या मायेने. मॅडम, मला घेऊ नका, पण त्यांच्याबद्दल तसं समजू नका. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलंय."

शम्सा बाईंनी बहगतकडून नंबर घेतला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. इनासला वाटलं, उठून पळून जावं.

साबरी नेमके चहाच्या दुकानात होते. मागून सोंगट्यांचा आवाज येत होता. मस्कतच्या बाई बोलतायत म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम खुलला. निवड झाली म्हणूनच फोन आलाय अशी त्यांची समजूत झाली, आणि ते आपल्या सीएमएचं कौतुक सांगू लागले. शम्सा बाईंनी ते पुरं होऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, की उस्ताज, दोन्ही भाग पास आहे का ती.

पलीकडे सोंगट्या वाजत राहिल्या.

"एकच," ते शेवटी म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "दुसऱ्याच्या वेळी आई आजारी पडली तिची. बाई, आमच्याकडे पोरगं कॉलेजात गेलं की आम्ही त्याला इंजिनिअर म्हणतो. कुणाला फसवायला नाही. त्याने मधेच सोडू नये म्हणून. मी हिलाही तसंच म्हणत आलो. म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं. तुमच्या माणसाने विचारलं तेव्हा तोंडातून तेच गेलं. यात तिचा काही दोष नाही. जे काय असेल ते माझ्या पदरात घाला."

"ठेवते, उस्ताज," शम्सा बाई म्हणाल्या. "प्रकृतीला जपा."

इनास डोळे पुसत होती. ते कुणासाठी ते तिचं तिलाही कळत नव्हतं. नोकरी गेली याचं दुःख होतंच. पण आपल्यासाठी एका अभिमानी माणसाने भरल्या दुकानात मान खाली घातली, हे तिला जास्त लागलं होतं.

शम्सा बाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. त्यांचे वडील म्हणे त्यांना लहानपणापासून डॉक्टर म्हणायचे, त्या हिशेबनीस झाल्या तरी अजून तसंच म्हणतात, आणि पाहुण्यांची दुखणी त्यांच्याकडे पाठवतात. बहगतला हसावं की नाही कळेना. मग बाई कामाचं बोलू लागल्या. प्रमुखाची जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही, त्या म्हणाल्या. बँका आणि लेखापरीक्षक त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या सहीपुढे ती अक्षरं शोधतात, आणि मालकांनी तसा नियमच केलाय. पण त्या खुर्चीखालची जागाही भरायचीय. भट्टीपाशी उभं राहणारं माणूस तिथे हवंय. त्या जागेला अक्षरं लागत नाहीत. पगार कमी आहे, घर लहान आहे.

"कुटुंबाचा व्हिसा?" इनासने विचारलं.

"त्यातही आहे," बाई म्हणाल्या. "आणि अक्षरं तिथे येऊन मिळवता येतील. संध्याकाळचे वर्ग असतात."

हॉटेलबाहेर येऊन तिने मिदहतला फोन केला. तो वर्गावर होता, तरी त्याने उचलला. घर लहान आहे, ती म्हणाली. तो म्हणाला, किती लहान, तिघं मावतात ना. मग त्याच्या वर्गातली पोरं दंगा करत राहिली, तरी दोघांनीही फोन ठेवला नाही. परमेश्वराचे आभार किती तऱ्हांनी मानता येतात, त्या सगळ्या तऱ्हा तिने तंताच्या गाडीत बसल्या बसल्या पुऱ्या केल्या.

साबरींना मात्र तिने चार वेळा फोन लावला आणि त्यांनी एकदाही उचलला नाही. गाडीतून उतरून ती घरी न जाता सरळ चहाच्या दुकानात गेली. एरवी ते रस्त्याकडे तोंड करून बसायचे, कोण येतं-जातं बघत. आज भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोरचा चहा गार झाला होता. बाजूच्या टेबलांवरचे लोक तिला वाट देण्यासाठी खुर्च्या सरकवू लागले, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

इनासने वाकून त्यांच्या डोक्यावर ओठ टेकले, लेकीने बापाच्या डोक्यावर टेकावेत तसे, आणि समोर बसली. मग सगळं सांगितलं, खुर्चीचं, खुर्चीखालच्या जागेचं, लहान घराचं. साबरींनी तीनदा तेच तेच विचारून घेतलं, की लुजैनला नेता येणार ना. येणार म्हटल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसले.

"म्हणजे ती परीक्षा लागते की नाही लागत, पोरी?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तुझ्या मागे लागलो. फुकटच का?"

"जायला नाही लागत, उस्ताज. वर चढायला लागते." ती थांबली. मग जे मनात होतं ते तिने बोलून टाकलं. "पण मी दुसरा भाग देणार आहे तो त्यासाठी नाही. तुम्ही इतकी वर्षं मला ज्या नावाने हाक मारलीत, त्याबद्दल तुम्हाला परत कुणापुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून देणार आहे. तुम्ही ती हाक मारली नसती, तर पुस्तकं मी केव्हाच रद्दीत घातली असती, आणि आज त्या दारातून आतही गेले नसते. तुमचे उपकार मानायला मी आलेय. तोंड फिरवू नका."

साबरींनी खुर्ची भिंतीकडून वळवली आणि पुन्हा रस्त्याकडे केली. तेवढ्यात वेटर फडकं मारत आला आणि नेहमीच्या सवयीने ओरडून विचारता झाला, की सीएमए बाईंना काय, पुदिन्याचा चहा?

"सीएमए नाही," साबरी म्हणाले, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "इनास म्हण. एक पेपर राहिलाय तिचा."

वेटर दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. इनासला हसूही आलं आणि रडूही. त्या नावाने इतकी वर्षं हाक ऐकली, पण ते खरंच तिचं होणार आहे असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.