राजीखुशीची सही

माप बुडाशी चेपलेलं होतं. अर्ध्या लिटरचं, अल्युमिनियमचं, आणि खळगा असा की त्यात अंगठा बरोबर बसावा. मुक्ताबाईने तो बसवून पाहिला, माप बोचक्यात टाकलं, पुन्हा बाहेर काढलं — ठेवायचं की टाकायचं हे तिने का ठरवायचं? ते तिचं नव्हतं. या घरातलं काहीच तिचं नव्हतं. तसं तिने चार वर्षांपूर्वी स्वतः लिहून दिलं होतं.

"आक्का, ते भंगारात टाका," भावजय शिवकन्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "संस्थाच ऱ्हायली न्हाई. पुण्यात माप घेऊन काय करायचंय? तिथं दूध पिशवीतून येतंय."

बरोबर होतं. शिवकन्याचं नेहमी बरोबरच असतं. पुढच्या खोलीत वीस वर्षं दूध संस्थेचं संकलन चाललं, मुक्ताबाईचा भाऊ राधाकिशन तिचा सचिव. मग ओळीने पावसाळे कोरडे गेले, जनावरं छावणीला गेली, तिथून निम्मी बाजाराला गेली, आणि दूधच नाही म्हटल्यावर दारावरची पाटी उतरवायलाही कुणी आलं नाही. राधाकिशननेच उतरवली. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याच्याकडे राहायला जायचं, घर विकलं — हे त्याने फोनवर एका दमात सांगितलं होतं, वडवणीचा बाजार कसा भरला हे सांगावं तसं. आणि शेवटी : येशील ना, आक्का, आवरायला?

आवरायला... आले. आष्टीहून बीड, बीडहून वडवणी, पुढे जीपमध्ये दोन बोचक्यांच्या मधे बसून. रागाने आले. वाटलं होतं, समोर उभी राहिले की विचारता येईल. आणि सकाळपासून मी पितळेचे तांबे कागदात गुंडाळते आहे, एकाला एक लागू नये म्हणून मधे चिंध्या घालते आहे.

आई गेली त्याच्या चौथ्या महिन्यात तो साडी घेऊन आष्टीला, तिच्या सासरी, आला होता. कायद्यानं घराला तुझं बी नाव लागतंय, आक्का. हक्कसोड करून दिलीस म्हंजे मोकळं. पुढचं वाक्य त्याला बोलावं लागलं नाही. या भागात कुठल्याच भावाला ते बोलावं लागत नाही. बहिणीने वाटा घेतला की माहेर तुटतं. मुक्ताबाईची जाऊ गीताबाई हिने वाटा मागितला, तर त्या दिवाळीपासून तिला न्यायला कुणी आलं नाही. ती आता सणाच्या दिवशी उगीच मळ्यात जाऊन बसते. असं होऊ नये म्हणून सही. रजिस्ट्री ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं, "राजीखुशीनं देताय ना, बाई?" आणि ती हसली होती. सातवी शिकलेली बाई. कागदातलं अक्षर न् अक्षर तिने वाचलं होतं आणि खाली झोकात नाव लिहिलं होतं. आपल्याला अंगठा लावावा लागला नाही याचा तिला तेव्हा अभिमानच वाटला होता! नंतर स्टँडवर भजी. पहिली पुडी राधाकिशनने तिच्या हातात दिली.

फसवलं म्हणावं तर तेही म्हणता येत नाही. वाटा देऊन तिने माहेर घेतलं होतं — सौदा हा होता, आणि त्यातला अर्धाच कागदावर आला. उरलेला अर्धा लिहून घ्यायची रीत नाही. तो अर्धा त्याने आता विकला, आणि त्यासाठी कुणाची सही लागली नाही.

दुपारी राधाकिशन परत आला. आता घरमालक नसलेल्या माणसाचा एक हलकेपणा त्याच्या चालण्यात होता.

"बंकटशेठ भेटला," तो म्हणाला. बंकट म्हणजे घर घेणारा. त्याला इथे खताचं दुकान टाकायचं होतं. "लई चिकट मानूस. नुसती जागा धरली त्यानं. बांधकामाचं काईच धरलं न्हाई."

"मागची भिंत?" मुक्ताबाईने विचारलं.

"काय मागची भिंत?"

"तिचे दगड."

"दगडाला कोन विचारतंय आक्का आता. जेसीबी लावला की सांजपर्यंत मोकळं." मग तो हसला. "पायजेत तर दोन टाकू का टेम्पोत? आष्टीला न्यायला?"

"दाजींच्या उशाला व्हतील," आतून शिवकन्या म्हणाली, आणि दोघंही हसली.

मुक्ताबाईने तांब्याला कागद गुंडाळला.

बहात्तर साल. ती अकरा वर्षांची, रस्त्याच्या दुष्काळी कामावर आईशेजारी खडी फोडत बसलेली. राधाकिशन दीड वर्षाचा, बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर वाटलेली सुकडी पाण्यात कालवून मी त्याला बोटाने चाटवायचे. काही दगड फुटायचेच नाहीत — काळे, घण उडवून लावणारे — ते मुकादम बाजूला टाकायला लावायचा. दिवस मावळताना आई त्यातला एक स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि एक, जरा लहान, माझ्या. कामं बंद झाली तेव्हा परसात ढीग झाला होता. त्याची मागची भिंत झाली. राधाकिशनला हे कुणी सांगितलं नाही, आईनेही नाही. सांगायचं ते काय, असंच सगळ्यांना वाटत असणार... आणि मला? मला काय वाटत होतं? दगड माझ्या चुंबळीवर ठेवताना आई रोज तेच म्हणायची, "चल बाय, तुझ्या भावाला घर व्हईल." तुझ्या भावाला. अकराव्या वर्षापासून मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी मान ताठ ठेवून चालायचे, दगड पडू नये म्हणून. रजिस्ट्रीतली सही तर फार उशिराची. त्याच्यावर रागवायचं, तर मग आईवर किती?

हा विचार तिला आवडला नाही. तो तिने तांब्याबरोबर पेटीत दाबला, झाकण लावलं, आणि झाकण बसेना.

तीनच्या सुमारास म्हाळूचा टेम्पो दारात लागला. पेट्या गेल्या, गाद्या गेल्या, टँकरच्या पाण्याच्या टाक्याही गेल्या. रिकाम्या खोलीत बोलणं मोठं ऐकू येऊ लागलं, म्हणून सगळे हळू बोलू लागले. शिवकन्याने एक पाट तेवढा मागे ठेवला होता. हातात सूप, सुपात गहू, खण, खोबऱ्याची वाटी.

"या आक्का. ओटी भरते, मग एवढं सूप बांधलं की झालं."

मुक्ताबाई पाटावर उभी राहिली. शिवकन्याने कुंकू लावलं. मग गव्हाची ओंजळ भरून ती थांबली. आता मुक्ताबाईने दोन्ही हातांनी पदर पुढे धरायचा होता. चाळीस वर्षं, माहेरातून निघताना, तिने तो धरला होता. हात आपोआप उठायचे. आज ते उठले नाहीत. तिने खाली पाहिलं. हात बाजूला होते, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे शांत.

"कावून, आक्का?" शिवकन्या म्हणाली. "पदर घ्या की."

"घे ना आक्का, म्हाळू खोळंबलाय," दारातून राधाकिशन म्हणाला. "रिकाम्या ओटीनं कोन जातंय का?"

शिवकन्याच्या बोटांमधून गव्हाचे दाणे एक-एक सुटून फरशीवर पडत होते. त्यांचा आवाज होत होता. राधाकिशनने तो ऐकला, आत आला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याने बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"काय पायजे तुला?" त्याने विचारलं. सकाळीही त्याने हेच विचारलं होतं, भांड्यांच्या ढिगाकडे हात करून. आता त्याचे दोन्ही हात खाली होते.

वाटा? नको होता. दगड? त्यांचं ती काय करणार. भांडणही नको होतं. सकाळपासून जुळवलेलं एकही वाक्य आता तिला आठवत नव्हतं. पदर धरला की सगळं सुरळीत होईल, तो टेम्पोत चढेल, शिवकन्या सूप बांधेल, आणि चाकणला पोहोचेपर्यंत दोघंही म्हणतील की आक्का मोठ्या मनाची आहे. एवढंच तिला लख्ख दिसत होतं.

बाहेर म्हाळूने हॉर्न दिला. राग गेला नव्हता. सकाळपासून तो तिला या खोलीतून त्या खोलीत पळवत होता; आता ती त्याच्यावरच पाय रोवून उभी होती, आणि असं किती वेळ उभं राहता येतं ते तिला पाहायचं होतं.