माशांची घडवंची

"सर बाजूला, गंगे. पदर लागंल. वलं हाय अजून!"

गंगम्माने पदर आवरला आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. धुळाप्पाला स्वतःच्याच आवाजाचा राग आला.

तो गिरणीतला तेलवाला. यंत्रांना तेल घालायचं, एवढंच त्याचं काम. घराण्यात कुणी रंधा धरला नव्हता. तरी मोडक्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्याने कमरेएवढी घडवंची उभी केली होती, माशांच्या काचपेटीसाठी. उन्हाळ्याच्या तोंडाला गंगम्माचं पहिलंवहिलं बाळ दवाखान्यातच गेलं. ती तापाने बेशुद्ध होती. बाळ तिच्या मांडीवर आलंच नाही. तिच्या खाटेसमोर डॉक्टरीणबाईंची ही पेटी होती. गंगम्मा दिवसदिवस माशांकडे बघत पडायची. बाईंची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी पेटी तिलाच देऊन टाकली.

घरी आल्यापासून गंगम्मा कुणाशी धड बोलली नव्हती. तिन्ही मासे मातीच्या कुंड्यात ठेवले होते, पण उन्हाने पाणी तापायचं. सकाळीच त्यांतला एक मरून उताणा तरंगला होता.

कात आणि काजळी उकळून केलेला रंग लाकडाने पिऊन घेतला होता. आता जवसाच्या तेलात राळ विरघळवून वरून त्याचा हात दिला, की पाणी सांडलं तरी लाकडात मुरणार नव्हतं. तेल चुलीवर होतं. पण पेटी भरायला पाणी हवं, आणि ते दिवेलागणीच्या आत आणायला हवं. सोलापुरात इंग्रजांचा लष्करी अंमल बसला होता. जाळपोळ झाल्यापासून शिपाई अंधारात दिसेल त्याला उचलत होते.

"मी आलोच. चुलीकडं ध्यान ठेव," म्हणून त्याने घागर उचलली.

नळावर पोचतो न पोचतो तोच शिपायांनी त्याला घेरलं. हवालदाराने त्याचं मनगट धरून उताणं केलं.

"हात काळं कशानं?"

"रंग हाय जी. घडवंचीला लावलाय."

"कसली घडवंची?"

"माशांची."

शिपाई हसले. हवालदार हसला नाही. "गाव पेटलंय, आन् ह्यो माशांना चौरंग करतोय! काजळी हाय ही. कुटं आग लावलीस, बोल."

"काजळीच हाय, पर रंगातली," धुळाप्पा बोलून गेला. "घरला चला साहेब. दावतो."

"चल. तितं काय न्हाय निघालं, तर पुन्ना घर दिसायचं न्हाय."

घागर नळाखालीच राहिली. त्यांना येताना पाहून शेजारच्या दगडाबाईने दार लावून घेतलं. धुळाप्पाला वाटलं, घडवंची दाखवता येईल. पण यांनी गंगम्माला विचारलं तर? ती भिंतीकडे बघत बसेल. आपली साक्ष द्यायला उभं कोण, तर तोंड न उघडणारी बाई!

शिपायाने दार ढकललं. आत राळेचा उग्र वास कोंडला होता. लुगडं खोचून, हातात तेलाची चिंधी घेऊन गंगम्मा घडवंचीपाशी उभी होती. तेल आटायला लागलं तशी तीच उठली होती आणि घडवंचीच्या एकेका पायावरून चिंधी फिरवायला लागली होती. ओल्या रंगाने कोपरापर्यंत तिचे हात काळे झाले होते.

"ह्यो तुजा कोण?" हवालदाराने दरडावलं.

"मालक हायती माजं." न बोलून तिचा आवाज घोगरा झाला होता.

"आग लावाया गेलता व्हय? हात बघ कसं हायती."

गंगम्माने चिंधी खाली ठेवली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "माजंबी तसंच हायती की. मलाबी न्या."

हवालदाराने काठीचं टोक घडवंचीवर टेकवून ओढलं. ओल्या थरावर लांब ओरखडा उठला.

"काठी काडा!" गंगम्मा ओरडली.

धुळाप्पाने डोळे मिटले. काठीचं टोक लाकडावरून सुटल्याचा चिकट आवाज आला. हवालदाराने ते नाकाशी नेलं, हुंगलं; वास राळेचाच होता. कोपऱ्यातल्या कुंड्यात वाकून मासे पाहिले. मग धुळाप्पाकडे वळला.

"दिस बुडल्यावर भाईर दिसू नगंस."

पावलं लांब गेल्यावर धुळाप्पाने दार लोटून घेतलं. गंगम्मा ओरखड्यावर तेल चोळत होती. "मागचा पाय ऱ्हायलाय," ती न बघताच म्हणाली. त्याने दुसरी चिंधी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लाकडाला बोट चिकटेनासं झाल्यावर, दोघांनी मिळून पेटी वर चढवली. सकाळीच नळावरून आणलेलं पाणी त्यांनी जपून ओतलं. थोडं सांडलं, पण लाकडावर थेंब होऊन घरंगळत खाली गेलं. घडवंची जराही करकरली नाही. कुंड्यात मात्र एकच मासा जिवंत उरला होता. गंगम्माने त्याला ओंजळीतून पेटीत सोडलं. तो तळाशी गेला, बराच वेळ हलला नाही आणि मग हळूच काचेशी आला.

ती थोडा वेळ बघत राहिली.

"तुमी राती जेवला न्हाईसा."

"न्हाई," धुळाप्पा म्हणाला.

तिने परात पुढे ओढली, आणि धुऊनही काळ्याच राहिलेल्या हातांनी जोंधळ्याचं पांढरं पीठ मळायला घेतलं.