पंचावन्न पांढऱ्या, तीन हिरव्या

"घड्याळ खराब हाय," कैलाश म्हणाला आणि काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकची पावती फाडली.

"चाळीस हजाराचं आहे, कैलाशभाऊ."

"मंग चाळीस हजाराचं खराब हाय."

वीरेंद्रनं टेबलावरचं घड्याळ उचलून पुन्हा त्याच्या नाकासमोर धरलं. कैलाशनं आषाढात केलेला नवा चष्मा कपाळावर सारला, खाली ओढला, दोन्ही प्रकारे पाहिलं. आकडा तोच. एकोणीस फेऱ्या, बासष्ट मिनिटं, सोळाशे ऐंशी मीटर. कैलाशच्या हिशेबानं एकोणीस फेऱ्या म्हणजे एकोणीसशे मीटर. आज सकाळी तलावात कुठंतरी दोनशे वीस मीटर सांडले होते.

तुमसरच्या एका राईस मिलचा धर्मकाटा कैलाश बावीस वर्षं सांभाळत होता. धानाच्या ट्रकमधून ड्रायव्हर उतरला की नाही, हे तो खिडकीबाहेर न बघता आकड्यावरून सांगायचा. जगात दोन गोष्टी खोटं बोलत नाहीत, काटा आणि बायको, असं त्याचं मत होतं. त्यातली दुसरी श्रावणात गेली. राहिला काटा.

वीरेंद्र हा मिलमालकांचा धाकटा मुलगा. पुण्याला शिकून परत आला तेव्हा त्यानं सोबत एक पदवी आणि एक सायकल आणली होती, आणि घरच्यांना दोन्हींचा उपयोग कळला नव्हता. सायकल फार हलकी आहे असं त्यानं सांगितल्यावर कैलाशनं ती काट्यावर चढवून पाहिली. काट्यानं शून्य दाखवलं. वीस किलोच्या आतलं काही तो काटा धरतच नाही. पण मिलमध्ये बोभाटा असा झाला की छोट्या शेठनी लाख रुपये देऊन काहीच विकत आणलं नाही.

त्याच वीरेंद्रनं कैलाशच्या डोक्यात ही शर्यत घातली. एकोणीसशे मीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल हाणायची, लगेच एकवीस किलोमीटर पळायचं. एकाच दिवशी, एकाच माणसानं, आणि तेही मागं कोणी लागलेलं नसताना.

"सत्तर मिनिटांत पाण्याबाहेर यायचं," वीरेंद्र आता हिशेब करत म्हणाला. "नाहीतर होडीत घालून काढतात. तुमच्या आजच्या चालीनं तुम्हाला लागतील सत्तर मिनिटं सात सेकंद."

"सात सेकंदासाठी कोनी माणसाले काढत असते का?"

"काढतात."

"आमी बी पाच-दहा किलो सोडतो ना, शेठ."

"ते सोडत नाहीत. माझं ऐका, जानेवारीतली तलाववाली राहू द्या. मार्चमधली समुद्रवाली घ्या. खारं पाणी माणसाला वर धरतं, वेळ जास्त देतात, दोन महिने अधिक मिळतात. तलाववालीचा फॉर्म आज सहाला बंद होतो. होऊ द्या बंद."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. कैलाशनं पुढची पावती घेतली.

"सहाच्या आत फोन करतो," तो म्हणाला.

सायकल कैलाशला पोटानं शिकवली होती. गाव ते तुमसर, जाऊन-येऊन रोजचे बत्तीस किलोमीटर. पळणं शिकवलं रंजूच्या भावांनी. रंजू मासे धरणाऱ्या ढिवरांची, कैलाश शेतकऱ्यांचा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिच्या तीन भावांनी त्याला तलावापासून सडकेपर्यंत पळवलं होतं. तिघांत पुढं होता आसाराम. पुढं तोच आसाराम त्याचा जिवलग झाला, कारण एवढं अंतर एकत्र पळाल्यावर माणसं जवळ येतातच.

राहिलं पोहणं. तळ्यात जन्मलेल्या बाईचा नवरा पाण्याला भितो, ही गावाची वीस वर्षांची करमणूक होती. शुगर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि रंजूनं त्याला एका सकाळी तलावात उतरवलं. पोटाखाली तिनं एक हात धरला होता. तो हात तिनं कधी काढून घेतला हे त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो बुडाला.

"समजलं नसतं तं तरले असते," रंजू त्याला केसाला धरून वर काढत म्हणाली. "तुमाले प्रत्येक गोष्ट समजाले काहून पाह्यजे?"

शर्यतही तिनंच निवडली. गेल्या कार्तिकात वीरेंद्र फोनमध्ये यादी घेऊन घरी आला होता. कुठं हवा कशी, कुठं चढ किती, कुठं रस्ता चांगला, पहिल्या वेळी कोणती सोपी, असं त्यानं तासभर समजावलं. रंजू चुलीपुढं राख लावून मासे चोळत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"बाया कुठं उभ्या राह्यतेत?"

"कोणत्या बाया, वहिनी?"

"ज्याइचे नवरे पोहून राह्यले त्या."

ही माहिती यादीत नव्हती. वीरेंद्रनं बराच वेळ शोधली. समुद्रवालीत पोहणारे आत दूर जातात, काठावरच्यांसाठी मोठा पडदा लावतात. तलाववालीत पाण्यातला त्रिकोण काठालगत असतो, माणूस सारा वेळ दिसतो.

"पडद्यावरच पाहाचा असता तं घरी फोटो हाय ना," रंजू म्हणाली. "आन समुद्राले एकच काठ. एका काठाच्या पाण्याचा मले भरोसा नाही. तलाववाली धरा."

आपली पहिली लांब शर्यत, बायको कुठं उभी राहील यावरून निवडणारा जगात दुसरा कोणी असेल असं वीरेंद्रला वाटलं नाही. पण मासे उत्तम झाले होते.

मग तिनं दोर मोजला. तलावाच्या बांधावर, पाळीवर उभी राहून, दोन्ही हात आडवे ताणून. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. तिच्या माहेरी जाळी अशीच मोजत. प्रत्येक वावेला एक गाठ, दोन-चार गाठींनंतर तेलाचा रिकामा डबा, म्हणजे दोर तरंगेल. कैलाश आकडे लिहीत होता. एक वाव सहा फूट, हे त्याला शाळेपासून पाठ होतं. पंचावन्न वाव म्हणजे तीनशे तीस फूट, म्हणजे शंभर मीटर. एक टोक पाळीवरच्या पळसाला, दुसरं पाण्यात रोवलेल्या बांबूला. एकोणिसावी फेरी बांबूपाशी, भर पाण्यात संपायची.

"आन मंग?" त्यानं विचारलं होतं.

"मंग का? विसावी घरी येवाची. ते हिसाबात नाही."

रोज सकाळी ती पाळीवर बसून फेरीला एक खडा टाकायची. एकोणिसावा पडला की कैलाश बांबूला धरून हसायचा.

श्रावणात तिला ताप आला. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेली. आठव्या दिवशी घरी आणली तेव्हा बरोबर कागद होता आणि त्यावर वेळ लिहिली होती, सकाळी सात चाळीस. कैलाशनं तो कागद पावतीसारखा घडी करून खिशात ठेवला. तेरवी झाली, मुलगी अंजू आसगावला सासरी परत गेली, आणि चौथ्या दिवशी तो तलावात उतरला. गावानं नावं ठेवली. खडे आता तोच मनात मोजायचा. कधी सतरावा की अठरावा हे विसरायचा, मग शंकेला जागा नको म्हणून एक जास्त मारायचा.

त्या दिवशी चार वाजता तो मिलमधून पन्नास मीटरचा टेप घेऊन निघाला आणि सरळ तलावावर आला. धान पिवळं पडत होतं. पाळीवर आसाराम जाळं सांधत बसला होता.

"टेप कायले आनला, भाऊजी? वावर इकता का?"

"दोर मोजाचा हाय."

आसारामची सुई थांबली. "मोजेल तं हाय. रंजूनं मोजला."

"माह्यासमोर मोजला. पंचावन्न वाव, सहा फुटाची एक. वीरेंद्रबाबूचं घड्याळ मने कमी हाय. घड्याळ खोटं हाय हे दाखवाचं हाय, बस."

आसाराम जाळ्याकडं बघतच म्हणाला, "सहा फुटाची वाव आमच्या बाची होती, भाऊजी. बा केवढा ताडासारखा. रंजू तुमच्या खांद्याले तं लागे."

पळसाजवळच्या पहिल्या दोन गाठींमध्ये कैलाशनं टेप धरला. पाच फूट. पुढच्या दोन. पाच फूट. आणखी दहा ठिकाणी मोजलं. बावीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसानं बाईच्या हाताची मापं शाळेच्या पुस्तकातून घेतली होती. कुठं एक बोट इकडंतिकडं नव्हतं, हेही त्यानं पाहिलं. काटा चोख होता. गुणाकार चुकला होता.

आसाराम डोंग्यातून जाऊन बांबूकडचं टोक सोडून घेऊन आला. दोर पाळीवर ओढून घेता घेता कैलाशचे हात थबकले. पंचावन्न गाठींनंतर पांढऱ्या दोराचा रंग बदलला होता. हिरवा नायलॉन, पाण्यात शेवाळ वाटावा असा. त्याला तीन गाठी.

"हे कायचं?"

आसारामनं डोकं खाजवलं. "सांगू नोको मने ती."

"कोन?"

"कोन मंजे? तीच." तो खाली बसला. "जेठात मीच बोललो तिले. बाई, तुही वाव बारकी, तुह्या नवऱ्याचे शंभर काही भरत नाही. तिनं तोंडावर हात ठेवला. मंग हासली. मने, त्याले नोको सांगू दादा. उन्नीस झाले का तो लेकरावानी हासते. मी वाढवीन थोडा थोडा. अमावसेले एक, पुनवेले एक. त्याले समजन बी नाही आन कार्तिकपावेतो पुरा होऊन जाईन."

"आन बांबू?"

"मीच सरकवला. तीनदा. तुमी काट्यावर गेले का भर दुपारी."

कैलाश दोराशेजारी बसला. आषाढात बांबू दूर दिसायला लागला होता. साठ मिनिटांच्या आत होणाऱ्या फेऱ्या बासष्टवर गेल्या होत्या. शुगर वाढली म्हणून त्यानं रातचा भात सोडला. डोळे गेले म्हणून तुमसरला जाऊन चष्मा केला. रंजूनं चष्मा लावून दिला होता, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं होतं.

"शोभते तुमाले," ती म्हणाली होती. "पाणी वाढलं का बांबू दूर दिसतच असते. पर शोभते."

त्यानं चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुसतच राहिला. आसाराम पाण्याकडं तोंड करून बसला आणि जाळ्यातली एकच गाठ पुन्हा पुन्हा ओढत राहिला.

"भातही सोडला ना मी," कैलाश शेवटी म्हणाला.

"मालूम हाय. ती मने, त्यानं तं भात बी सोडला, मले आता सांगताच येत नाही."

कैलाशला हसू आलं. ते मध्येच कुठंतरी वाट चुकलं आणि त्याचा आवाज भलताच निघाला. पाळीवरून जाणाऱ्या म्हशीनंही मान वळवली.

पावणेसहाला फोन वाजला.

"कैलाशभाऊ, काय करू? समुद्र ना?"

"तलाव."

"अहो, पण ते सात सेकंद..."

"सात सेकंद आमचे आमी पाहून घेऊ. भरा तुमी."

"भरतो. काठावर उभं राहायला एक पास मिळतो. नाव मागताहेत." वीरेंद्र थांबला. यादीत नसलेला प्रश्न त्याला आठवला असावा. "ती जागा... रिकामी सोडू का?"

कैलाशनं तलावाकडं पाहिलं. त्याला दोन्ही काठ होते.

"आसाराम लिहा."

"मी कायले?" आसाराम दचकला. "मले तं घड्याळ बी पाहता येत नाही."

"घड्याळ कोन पाहाले सांगते? उभं राहाचं. खडे टाकाचे."

फोन बंद करून तो उठला. "हिरवा दोर उरला असंन ना?"

आसारामनं झोपडीतून भेंडोळं आणलं. ती स्वतः आणून ठेवून गेली होती. आठ वाव पुरेल एवढा, वर गाठीपुरता जास्त. "टेप हायच तं टेपनंच मोजा, भाऊजी. दहा मिनिटाचं काम."

कैलाशनं टेप गुंडाळला, कडी लावली आणि पिशवीत टाकला. शेवटच्या हिरव्या गाठीपासून दोर धरून त्यानं दोन्ही हात पसरले. त्याचे हात लांब. दोर बराच पुढं गेला. त्यानं सोडून दिला. मग तिच्या दोन गाठींमधलं अंतर छातीवर आडवं धरून पाहिलं, डावीकडं थोडा आत आला, उजवीकडं थोडा आत आला, दोन्ही कोपरं जराशी मुडपली.

असाच तो पाळीवर उभा राहिला, हात पसरलेले, पण पूर्ण न ताणलेले, तिच्याएवढेच.

"धर," तो म्हणाला.

आसारामनं गाठ मारली आणि मोठ्यानं आकडा म्हटला, "एकोणसाठ."