राऊटरच्या जागेवरून

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण अंगदचं नाव खराब झालंय, अन् ते मी केलंय.

अंगद सोयगावकडचा. चारापाणी संपलं, घरची मेंढरं विकली अन् इकडं शहरात आला. आमच्या टँकर केंद्रात गेटवर लागला. टँकर भरून निघाला की तो मशीनला कार्ड लावायचा, नोंद राऊटरमधून ऑफिसच्या कम्प्युटरवर यायची. राऊटर माझ्याकडं. व्हिडिओ बघून शिकलो, सर्टिफिकेट वगैरे काय नाय.

सोमवारी साहेब म्हणले, ऑफिसातल्या कुणाला गेटच्या मशीनमध्ये शिरता येऊ नये. राऊटरला गेटची वायर लागते त्या पोर्टवर मी फायरवॉलचा, म्हणजे ये-जा अडवायचा, नियम टाकला, 'इन' बंद. गेटकडं जाणारं ते इन, असं धरलं. जणू गेटवर उभं राहून विचार केला मी. राऊटर स्वतःच्या जागेवरून बघतो. त्याच्यात येतं ते इन, त्याच्यातून निघतं ते आऊट. म्हणजे मी गेटचंच तोंड दाबलं.

दोन दिवस टँकर शहरातल्याच सातारा परिसरातल्या नव्या सोसायट्यांना जात राहिले. ऑफिसात नोंद शून्य. साहेबांनी ठरवून टाकलं, अंगद कार्ड न लावता पाणी हॉटेलांना सोडतोय. बुधवारी सकाळी काढला त्याला.

मला दुपारी चूक दिसली. नियम 'इन'वरून 'आऊट'वर नेला. गप बसलो. वाळूजकडं नवीन केंद्र होतंय, तिथलं काम मला मिळणार होतं. लई भ्यालो.

नोंदी धडाधड यायला लागल्या. गेटवर आता कचरू होता. साहेब हसले, "बघ, माणूस बदलला की मशीन सुधारली!"

संध्याकाळी अंगद टपरीवर भेटला.

"तुला त्यातलं कळतं यार. बघ की, माझ्या नोंदी कुठं गेल्या. आईला सांगितलंय, सुट्टी हाय म्हणून."

"मीच अडवल्या," म्हणलं. सगळं सांगितलं.

त्याच्या हातातला चहा तसाच. "कधी कळलं तुला?"

"दुपारी."

"मग गप बसायचं पण व्हिडिओ बघूनच शिकला का?"



चहा खाली ठेवून तोच पुढं म्हणला, "साहेब तुला काढतील."

"काढू दे. उद्या दहाला ये. साहेबांसमोर नियम परत 'इन'वर टाकतो, कचरूला कार्ड लावायला सांगतो. नोंद येणार नाय. मग सांगतो, हे मी केलंय, अंगदनं नाय. तू नुसता शेजारी उभा राहा. शब्द देतो तुला."