माझा आवाज गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कळंबजवळच्या एका गावातल्या शाळेत मी राहतो. त्याआधी एका कचेरीत राबलो. तिथं नवे संगणक आले, तसं मला पोत्यात गुंडाळून टेम्पोनं इकडं पाठवलं.

इथं मुलं माझ्यावर चित्रं काढत. वैष्णवी काढत नसे. तिला दिसत नव्हतं. तिच्यासाठी उमादेवी बाईंनी माझ्यात पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला होता. तिनं कळ दाबली की मी ते अक्षर म्हणे, धडा उघडला की वाचून दाखवी. जोडाक्षरांना अडखळलो की ती हसे. "आज सर्दी झालीय व्हय तुला?" तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ढोकीकडं ऊसतोडीला जात. ती शिकतेय म्हणून तिला आजीजवळ ठेवत.

पुढं मी फार मंदावलो. मला चालवणाऱ्या जुन्या प्रणालीला कंपनीनं सुधारणा देणं थांबवलं होतं. बाईंनी गावातल्या उत्कर्षला बोलावलं. तो नुकताच बी.एस्सी. झाला होता.

"बाई, मुक्त प्रणाली टाकू. फुकट असते, कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते. तिचे ढीगभर प्रकार आहेत. ह्याची मेमरी कमी, म्हणून सगळ्यात हलकी टाकतो. पळंल बघा."

"पळू दे बाबा. एक धडा उघडंस्तवर तास संपतोय."

त्यानं माझी मेमरी पाहिली, डिस्क तपासली. माझ्यावर कोण काय काम करतं, ते विचारलं नाही. बाईंच्याही ध्यानात आलं नाही. वैष्णवी त्या दिवशी तापानं घरी होती.

मी खरंच पळू लागलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बरी होऊन वैष्णवी आली. तिनं कळ दाबली. मी गप्प. तिनं पुन्हा दाबली.

"बाई, हे बंद हाय का?"

"चालू हाय की," पोरं म्हणाली. "लई फास्ट झालंय."

प्रणाली हलकी करताना जे जे वगळलं होतं, त्यात माझा आवाजही होता. शाळेत इंटरनेट नव्हतं आणि उत्कर्ष मुलाखतींसाठी पुण्याला गेला होता. वैष्णवी रोज येऊन माझ्या कळांवर बोटं ठेवून बसे.

दिवाळी सरली. तिची आई सोनाली शाळेत आली.

"बाई, ते बोलत हुतं तवर ठीक हुतं. आता पोरगी दिसभर नुसती बसून ऱ्हाती. आमच्यासंगं नेतो."

"उत्कर्ष येईलच आता. थोडं थांबा."

"टोळीचा ट्रॅक्टर सकाळी निघतोय."

उत्कर्ष आला तेव्हा वैष्णवी गेली होती. त्यानं दुसरी मुक्त प्रणाली टाकली, जराशी जड, पण वाचून दाखवणारी. तीही फुकटच होती. पहिल्या दिवशीही ही प्रणाली मिळत होतीच. आवाज तपासायला बाईंनी नाव टाइप केलं. जोडाक्षराला अडखळत मी म्हणालो, "वैष्णवी."

कुणी हसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रात नवी प्रणाली जरूर टाका. पण आधी त्याच्यासमोर रोज कोण बसतं, ते विचारा. त्या दिवशी जे मूल आलं नसेल, त्याचंही विचारा. आणि ढोकीकडच्या एखाद्या उसाच्या फडात वैष्णवी भेटली, तर तिला एवढं सांगा, की मी पुन्हा बोलतो. अजून तसाच अडखळतो.