वारा तोंडावर घेऊन

सुरी मीच त्याच्या हातात दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी साहेबाच्या बंदुकीला दोष दिला आणि मी नुसती मान हलवत राहिलो.

मी अलीमियाँ, हर्णैचा. चौसष्ट साली दुबईत तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या इंग्रज साहेबाकडे खानसामा होतो. जहूर माझ्या बायकोचा, मैमुनाबीचा, धाकटा भाऊ. गावाला मचव्यावर काम करायचा. त्याची बायको साजिदा आणि दोन मुली हर्णैला, आणि हा इथे माझ्या भरवशावर. साहेबाचे तंबू आणि पेट्या सांभाळायचं काम मीच त्याला मिळवून दिलं होतं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात वाट चुकला आणि दुपारभर भटकून रडवेला होऊन परत आला. मी चिडलो. म्हटलं, "समुद्रावरचा माणूस ना तू? वारा तोंडावर घे आणि चालत सूट, समोर पाणी येतंच." आमच्याकडे लहानपणापासून हेच माहीत. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, त्याला सामोरं गेलं की किनारा. जहूरने ते जे मनावर घेतलं, ते कायमचं. दुबईत तो पुन्हा कधी चुकला नाही, आणि प्रत्येक वेळी येऊन मला सांगायचा, "दुल्हेभाई, वारा धरला आणि आलो."

एप्रिलमध्ये साहेबाला विलायतेला सुट्टीवर जायचं होतं. त्याआधी भिंतीवर लावायला हरणाचं डोकं हवं होतं. या मुलखात त्याची काही अडचण नव्हती. ना जंगल खातं, ना परवाना, ना रखवालदार. जमीन कोणाचीच नाही म्हणून सगळ्यांची, वाटेल तिथे तंबू ठोका आणि दिसेल ते मारा. आम्ही चौघे साहेबाच्या जीपमधून निघालो. साहेब, मी, जहूर आणि हुमैद नावाचा बदू, म्हणजे वाळवंटातला, वाटाड्या. धैदच्या दक्षिणेला गाफची झाडं आहेत, आपल्या बाभळीपेक्षा थोडी उंच. तिथे मुक्काम केला. समुद्र तिथून वायव्येला चाळीस मैल.

तीन दिवस हरणाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. साहेब आपले डबे फोडून खात होता. त्या डब्यांतलं मांस आम्हाला चालणारं नव्हतं, म्हणून आम्ही तिघे डाळभातावर. हुमैदही कंटाळला होता. मी तर पार कंटाळलो होतो, स्वयंपाक्याला स्वतःच्या हातचं बेचव खावं लागणं यासारखी शिक्षा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होतो आणि हरीण आपणहून आलं. गाफच्या शेंगा खायला आलं असावं. साहेब पायजम्यावरच बंदूक घेऊन बाहेर आला आणि त्याने बार काढला. गोळी मागच्या पायाला लागली. हरीण पडलं, उठलं आणि तीन पायांवर लंगडत टेकाडापलीकडे गेलं. हुमैद सरपणाला गेलेला. साहेब म्हणाला, "जाने दो, छोटा था," आणि तो चहाला बसला.

त्याला जाऊ देणं सोपं होतं. पण जखमी जनावर आपोआप मेलं की मुरदाड, खाता येत नाही. जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरली, तरच ते आपलं. गावाला बकरी ईदला हे काम माझं असायचं, पण माझा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. मी पेटीतून सुरी काढली आणि जहूरला दिली.

"पळ! जीव जायच्या आत गाठ!"

"आणतोच बघा, दुल्हेभाई. तुम्ही मसाला वाटायला घ्या," तो हसत म्हणाला आणि पळाला. पाण्याची बाटली त्याने घेतली नाही, मीही दिली नाही. किती लांब जाणार होता?

मी खरंच मसाला वाटायला बसलो. अर्ध्या तासाने धूळ आली. आधी आकाश पिवळं झालं, मग पांढरं, मग सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. हुमैद धावत परतला, त्याने माणसं मोजली आणि विचारलं, "जहूर वेन? किधर?" मी टेकाडाकडे बोट केलं. पावलं केव्हाच पुसली गेली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वारा आग्नेयेकडून येतोय, वाळवंटाच्या पोटातून. जहूर काय करणार ते मला स्वतःचं नाव ठाऊक असावं तितकं ठाऊक होतं. तो वारा तोंडावर घेणार आणि समुद्राकडे निघालो असं समजून आतआत चालत जाणार.

मी साहेबाला सांगायला गेलो. "साहेब, हवा! वो हवा के सामने जाएगा!"

"यस, यस, बहुत हवा," साहेब म्हणाला.

चार वेळा सांगितलं. शेवटी हुमैदला माझं हिंदी कळलं आणि त्याने साहेबाला जीप काढायला लावली. आम्ही तिघेही आग्नेयेकडे निघालो. नाकातोंडावर फडकी बांधलेली, हॉर्न वाजवत, दर दहा मिनिटांनी साहेब हवेत बार काढत. वाळूशिवाय काही दिसलं नाही. दुपारी पेट्रोल निम्म्यावर आलं आणि साहेबाने जीप वळवली. मी त्याचा हात धरला. नोकराने साहेबाचा हात धरायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

"अली, पेट्रोल खलास, तो सब खलास," तो म्हणाला. बरोबरच होतं ते. म्हणून तर जास्त राग आला.

मुक्कामावर आलो तर तंबूच्या दारातून वाळू आत येत होती. सकाळी ते दार आडोशाला होतं. पिठाचा डबा उघडा राहिलेला, सगळं पीठ गेलं. मी दाराला शिव्या घातल्या, ते करकचून बांधलं आणि डबा आत ढकलला. एवढंच केलं. हर्णैच्या माणसाने, ज्याचा बाप वाऱ्यावर जगला त्याने, एवढंच केलं.

साहेब मदत आणायला शारजाला गेला. मी आणि हुमैद मागे राहिलो. मी डेगची उपडी करून पळीने बडवत बसलो, हात सुजेपर्यंत. माझ्याकडून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. नमाजातसुद्धा शब्द आठवेनात, एकच दुआ पुनःपुन्हा येत होती, या अल्ला, त्याला बसव, त्याला कुठेतरी बसव.

दुसऱ्या दिवशी दोन ट्रक आणि वीस माणसं आली. त्यांच्या अंमलदाराने विचारलं, कुठे शोधायचं? मी छातीठोकपणे सांगितलं, आग्नेयेला. आता सगळे माझं ऐकत होते. वीस माणसं दिवसभर आग्नेयेला शोधत होती. संध्याकाळी ती हात हलवत परतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धूळ बसली. हुमैद गाफच्या एका दाट झाडामागे लघवीला गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. मी लंगडत धावलो.

तंबूपासून दोनशे पावलांवर झाडाच्या आडोशाला, जिथे वारा पोचला नव्हता, तिथे जहूरचा गमछा पडला होता. त्यात हरणाची मांडी बांधलेली. नीट कापलेली, रक्त पूर्ण निथळलेलं. त्याने वेळेत गाठलं होतं. ओझं झालं तेव्हा मांडी इथे ठेवून तो पुढे गेला होता. पावलं वायव्येला जात होती.

तेव्हा मला ते पीठ आठवलं. पहिल्या दिवशी दुपारीच वारा फिरला होता. आग्नेयेचा वायव्येचा झाला होता, म्हणून तर पीठ उडालं. आणि वाऱ्याबरोबर जहूरही फिरला होता. चुकीच्या दिशेने गेलेला माणूस माझ्याच शब्दाला धरून बरोबर परत आला होता, धुळीत आमच्या तंबूजवळून गेला होता. आम्ही तेव्हा जीपमध्ये असू, किंवा मी दाराला शिव्या घालत असेन. मग मी डेगची बडवली, पण वारा तो आवाज मागे नेत होता आणि जहूर पुढे गेला होता.

तो अकरा मैलांवर सापडला. पालथा, हात पुढे, सुरी कमरेला. तोंड वायव्येला. समुद्र अजून तीस मैल होता.

तिथेच कबर खणली. किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करताना मान वळेना. वाऱ्याकडची ती मान वळवायला मला जोर लावावा लागला, आणि तेव्हा मी मोठ्याने रडलो.

हुमैदने माती सारखी केली आणि माझ्याजवळ बसला. तो वैतागला होता, त्याला आतून वाईट वाटत होतं. म्हणाला, "हमारा छोटा बच्चा भी जानता है. रास्ता गुम, तो बैठ जाओ. बस बैठो, आदमी आएगा. इसको चलने को किसने बोला?"

मी हात झाडले. वारा तोंडावर येत होता.

"मैंने," मी म्हटलं.