घरची चिठ्ठी निघाली तर

नियम साधा आहे. रविवारची उपासना संपली की दाराजवळच्या डब्यात प्रत्येकाने आपली विनंती टाकायची, खाली नाव न घालता, आणि जाताना दुसऱ्या कुणाची तरी उचलून न्यायची. आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. लिहिलंय तेच मागायचं, आपलं शहाणपण त्यात घालायचं नाही. घरची चिठ्ठी निघाली तर परत टाकून दुसरी घ्यायची.

तिने परत टाकली नाही.

चिठ्ठीवर होतं:

माझ्या बायकोला माझ्याशिवाय राहायला जमू दे.

अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. पण त्या ओळीच्या वर आणि खाली पेन्सिलीच्या दोन पुसट रेघा होत्या. बोटाएवढ्या कागदावरसुद्धा रेघा आखून लिहिणारा माणूस सगळ्या मंडळीत एकच. दुकानांच्या पाट्या रंगवतो. एकतीस वर्षं तो अक्षरांची कड काढतोय आणि ती, त्याची बायको, आतला रंग भरतेय. गुरुवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती.

सोमवार. मागच्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसून.

हे स्वर्गातल्या बापा, माझ्या बायकोला— म्हणजे, त्यांच्या बायकोला—

नाही.

परत.

बापा, मला त्यांच्याशिवाय राहायला जम—

"अगं, निळा कुठे ठेवलास?"

"तुमच्या नाकासमोर आहे!"

"नाकासमोर हिरवा आहे."

"मग त्याच्या मागे! हात लावून बघा की जरा!"

बापा, त्यांनी काहीही लिहिलेलं असू दे. तू लक्ष देऊ नकोस.

मंगळवार.

दातांच्या डॉक्टरची पाटी. तिचा ब्रश कडेबाहेर गेला, चांगला दोन बोटं. एरवी तो म्हणाला असता, डोळे माहेरी ठेवून आलीस का. आज त्याने फडक्याला टर्पेंटाइन लावलं आणि मुकाट्याने पुसून घेतलं. तेव्हा तिला खरी भीती वाटली.

दुपारी त्याने तिला विजेच्या पेटीपुढे उभं केलं.

"हे मुख्य बटण. असं खाली ओढायचं."

"माहितीये मला."

"दाखवून ठेवतो."

"कशाला?"

"अगं, असंच."

बापा, हा माणूस मला घर शिकवतोय. माझंच घर. त्याला थांबव.

बुधवार.

वॉर्डात सहा खाटा, त्याची खिडकीजवळची. डॉक्टर येऊन समजावून गेले. ऑपरेशन मोठं आहे, पण आम्ही रोज करतो, म्हणाले. दोन्ही खरंच असणार. तो बाहेरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघत होता.

"कोणी रंगवलीय देव जाणे. सगळी अक्षरं डावीकडे कलंडलीत."

तिने चिठ्ठी त्याच्या पांघरुणावर ठेवली.

त्याने ती उचलून डोळ्यांजवळ धरली.

"हाताने मुद्दाम वाकडं काढलं होतं गं."

"हाताने वाकडं काढलंत, पण रेघा कुणी मारल्या? शेजारीण?"

"सवय." मग एकदम आठवून, "घरची निघाली तर परत टाकायची असते!"

"नाही टाकली."

"मग प्रार्थना केलीस?"

"केली. उलटी."

"उलटी कशी?"

"हे जाऊ नयेत म्हणून. तीन दिवस तेच."

"म्हणजे मी एक मागतोय आणि तू त्याच्यावर काट मारतेयस." तो हसायला गेला, तर छातीत दुखलं. "बापाने ऐकायचं कुणाचं?"

"तुम्हीच सांगा. स्वतःसाठी का नाही मागितलंत? बरं कर म्हणायला काय जातं?"

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी कूस बदलली आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

"भावाच्या वेळी मागितलं होतं," तो हळू म्हणाला. "रोज गुडघ्यांवर. तो गेला. मग चार वर्षं मी चर्चमध्ये नुसता बसायचो. ओठ हलवायचो. तुला वाटायचं प्रार्थना करतोय."

तिला तसंच वाटायचं. चारही वर्षं.

"आता मागितलं आणि नाही मिळालं तर, मी तर काय, नसेनच. पण मागून बसलो आणि मिळालं नाही, हे शेवटच्या घटकेला कळलं तर? म्हणून जे होण्यासारखं आहे ते मागितलं. तुला जमेल. तू खमकी आहेस."

"खमकी म्हणे." तिने पदराने नाक पुसलं. "स्वतःला मागायची भीती वाटते म्हणून माझ्या नावावर मागता होय?"

त्याने चिठ्ठीची घडी करून तिच्या हातात परत ठेवली.

गुरुवार. सकाळी सव्वासात.

त्याच्या अंगात हिरवा झगा, डोक्यावर टोपी, हातात सलाइनची सुई. स्ट्रेचर ढकलणारा माणूस पायाशी उभा. दोनच मिनिटं, म्हणाला, आणि पाठ करून भिंतीवरची सूचना वाचू लागला.

तिने नवऱ्याचा हात धरला. डोळे मिटले. काल घरी जाताना आणि आज येताना ठरवलं होतं. नियम तो नियम.

"बापा. ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याच्या बायकोला..." तिने परत सुरुवात केली. "त्याच्या बायकोला त्याच्याशिवाय राहायला जमू दे. येशूच्या नावाने मागते."

आमेन त्याने म्हणायचं होतं. म्हणाला नाही. तिने एक डोळा उघडून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि तिला वाटलं, झालं, परत तेच.

"मोठ्याने," ती म्हणाली. "मला ऐकू येऊ दे."

"बापा," तो म्हणाला. "बापा, तिला जमेल. पण मला... मला घरी यायचंय. मला अजून खूप काम आहे. नाही, कामाचं राहू दे. मला नुसतं घरी यायचंय."

स्ट्रेचरवाल्याने सूचना वाचून संपवली होती. तरी तो वळला नाही.

"नाही दिलंस तरी," नवरा म्हणाला, आणि तिथे वाक्य अडलं. "नाही दिलंस तरी मी तुझ्याशी बोलेन."

तिने आमेन म्हटलं. मग चाकं हलली, आणि ती दारापर्यंत त्याच्या बाजूने चालत गेली.